आठव्या दिवसाची नोंद

चहा आला की ते कप माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "आधी तुम्ही घ्या, ताई. एकच घोट."

मी घोट घेतला की ते माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबायचे. मला काही झालं नाही अशी खात्री पटली की चहा बशीत ओतून एका दमात संपवायचे. माझ्या उष्ट्या कपातला चहा एका अनोळखी म्हाताऱ्या माणसाने प्यावा, याचा पहिल्या वेळी मला इतका संकोच वाटला होता की मी टेबलाखालचे कागद आवरायला वाकले होते. ते मात्र शांत होते. मिशी पुसून म्हणाले, "राग मानू नका. मला एकदा पाजलंय."

तेव्हा मी मामाच्या दुकानात बसायचे. जुन्या सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टासमोरच्या गल्लीत टायपिंग आणि झेरॉक्सचं ते दुकान होतं. बी.कॉम. झाले होते, पण मुलाखतीला गेले की तोंडून शब्द फुटायचा नाही. म्हणून आईने मला तिथे बसवलं. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे इंग्रजी अर्ज माझ्याकडे यायचे. अर्ज करणारी माणसं स्वतःच बोलतात, आपण फक्त ऐकायचं असतं. ते मला जमायचं.

कोर्टाच्या आसपास तुम्ही कधी तासभर बसला असाल, तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जुने कागद, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट. लोक त्यांना बाकावर जागा देतात, पण त्यांच्याशी बोलणं टाळतात. हे त्यातलेच एक. पेठ रोडला त्यांचा फुलशेतीचा लहानसा तुकडा होता. पहाटे फुलबाजारात शेवंती, गलांडा विकून, नखांत हिरवट डाग घेऊन ते आमच्याकडे यायचे. दर महिन्या-दीड महिन्याने. अर्ज एकच असायचा, फक्त पत्ता बदलायचा.

"आले बघ तुझे सरबतवाले," मामा मला हळूच सांगायचा.

गोष्ट अशी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते गावाबाहेरच्या एका सरकारी बंगल्यात माळी होते. खात्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तेव्हा तिथे दिल्लीहून काही साहेब येऊन राहिले. बंगल्यावरच्या सहा नोकरांना त्यांनी सांगितलं की कामगारांच्या तब्येतीसाठी ताकदीचं औषध आलं आहे. रोज सकाळी प्रत्येकाला एक पेला लाल सरबत. ते प्यायल्यावर एकेकाला काळे पडदे लावलेल्या खोलीत बसवायचे आणि कानाला हेडफोन लावायचे. त्यात एक माणूस हिंदीत सावकाश बोलायचा. तुला काही चिंता नाही. तुझं मन शांत आहे. साहेब सांगतील तेच बरोबर आहे. अर्धा तास हेच. मग एक साहेब प्रश्न विचारायचा आणि उत्तरं इंग्रजीत लिहून घ्यायचा. असे एकवीस दिवस.

"काय विचारायचे?" मी एकदा विचारलं होतं.

"घरी काय चाललंय, झोप लागली का, कुणाचा राग येतो का. मी काय बोललो ते मला ठावं नाय. त्येच तर पायजे."

त्या एकवीस दिवसांतल्या सोळाव्या दिवशी त्यांची बायको वारली. कावीळ झाली होती. सिव्हिल हॉस्पिटल घरापासून सायकलवर वीस मिनिटं. ते तिला घेऊन गेलेच नाहीत. नऊ वर्षांची मुलगी सांगत होती, बाबा, आईला दवाखान्यात न्या. आणि हे तिच्या उशाशी बसून बाजारासाठी गजरे ओवत होते. "काळजी करू नको," असं मुलीला म्हणत होते. हे त्यांना शेजाऱ्यांनी सांगितलं. त्यांना स्वतःला त्यातलं काहीच आठवत नव्हतं, किंवा आठवायचं ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं आठवायचं.

मुलीला तिच्या मामाने दिंडोरीला नेलं. ती तिकडेच वाढली, तिकडेच तिचं लग्न झालं. बापाचं तोंड बघत नव्हती. "आई मरताना ज्याला काही वाटलं नाही, तो माझा कोण?" हे तिचं वाक्य ते मला जसंच्या तसं सांगायचे, तिची बाजू बरोबर आहे अशा सुरात.

त्यांना भरपाई नको होती. फक्त एक कागद हवा होता, त्यांना काय पाजलं होतं ते सांगणारा. तो मुलीला दाखवायचा आणि म्हणायचं, पोरी, तो मी नव्हतो, ते औषध होतं.

"असा कागद असेल तरी का, बाबा?" मी विचारायचे.

"नोंद हाय," ते म्हणायचे. "सरकारनं मला कुदळ दिली तरी नोंद, कुदळ मोडली तरी नोंद. मानूस मोडला तर नोंद नसंल व्हय?"

मामाला त्यांची थट्टा केल्याशिवाय राहवायचं नाही. "बाबा, सरकारला स्वतःच्या मंत्र्यांची डोकी ताब्यात ठेवता येत नाहीत. तुमचं डोकं घेऊन काय करणार?"

"मंत्री कुठं रोज येळंवर येत्यात?" ते म्हणाले. "मी यायचो."

मामा हसला. तेही हसले. त्यांचे वरचे दोन दात पडलेले होते आणि हसताना ते तोंडावर हात ठेवायचे.

माझा त्यांच्यावर विश्वास होता का? खरं सांगायचं तर नव्हता. दुःखाने माणसाच्या मनात एखादी गोष्ट तयार होते आणि तो तिच्या आधाराने जगतो, असं मला वाटायचं. पण अर्ज मी मन लावून करायचे. ते सांगायचे, "लिवा, तुम्ही मला काय पाजलं?" मी त्याचं सभ्य इंग्रजी करायचे. प्रत्येक वेळी ते स्क्रीनवर वाकून विचारायचे, "'कृपया' टाकलं का? सायबाला राग यायला नको." आपल्याला काहीतरी पाजणाऱ्या साहेबाला राग येऊ नये म्हणून इतकी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी दोनदा 'कृपया' टाकायचे, एकदा वर आणि एकदा खाली.

उत्तरं यायची नाहीत. कधी आलंच तर एका ओळीचं, की आपला अर्ज अमुक कार्यालयाकडे पाठवला आहे. ते पत्रसुद्धा ते जपून पिशवीत ठेवायचे. अशी पाच-सहा वर्षं गेली. कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान आलं, आमचा एसटीडी फोन बंद झाला, माझी दोन लग्नं ठरता ठरता मोडली. ते येत राहिले. एकदा चहा आला आणि त्यांनी तो सरळ बशीत ओतून पिऊन टाकला. मला घोट घ्यायला सांगायचं विसरले. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी कीबोर्डकडे बघत राहिले. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी त्यांच्या अर्जात मी तीन चुका केल्या.

मग माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. कोर्टासमोरच्या सगळ्या टायपिस्टांना नवं काम मिळालं. मी त्यांना समजावून सांगितलं की आता विनंती करायची गरज नाही, मागायचा हक्क आहे.

"तरी 'कृपया' टाका," ते म्हणाले.

पहिलं उत्तर आलं, माहिती उपलब्ध नाही. अपील केलं. त्याचंही उत्तर तेच. दुसऱ्या कार्यालयाला अर्ज, तिसऱ्याला अर्ज. आणि एका दुपारी ते दुकानात आले ते बसलेच नाहीत. उभ्यानेच त्यांनी एक जाड खाकी पाकीट माझ्यापुढे ठेवलं. त्यावर त्यांच्या घरचा पत्ता होता, पण उघडायची त्यांची हिंमत झाली नव्हती. पोस्टमनकडून घेऊन तसेच चालत आले होते.

आत एक पत्र होतं. संबंधित फाईल नियमानुसार नष्ट करण्यात आली आहे. मात्र त्या बंगल्याच्या बागेची, रोपं आणि शेणखत खरेदीची जी फाईल आहे, तिच्यात अर्जदाराचं नाव असलेली दोन पानं आढळली. त्यांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत.

म्हणजे कुणा कारकुनाने त्या वेळी नावापुढे 'माळी' असं वाचून ती पानं बागेच्या फाईलला लावली होती. बाकी पाच जणांची पानं जळाली. ह्यांची शेणखताच्या बिलांमुळे वाचली.

मी मनातल्या मनात वाचायला लागले. वाचता वाचता कळलं, सगळं खरं होतं. खोली, हेडफोन, सहा माणसं, एकवीस दिवस. आणि त्यांच्या नावापुढे, कोणाला काय दिलं त्या रकान्यात, दोन शब्द होते. साधं सरबत.

"काय लिवलंय?" ते म्हणाले. "लिवलंय ना काहीतरी?"

खोटं बोलणं मला तेव्हाही जमत नव्हतं. त्याला धीटपणा लागतो. मी खाली बघत म्हटलं, "बाबा, पाच जणांना औषध दिलं होतं. तुम्हाला नव्हतं दिलं. तुमच्या पेल्यात नुसतं सरबत होतं. रंग घातलेलं. म्हणजे, त्यांना बघायचं होतं की..." आणि मला पुढे सांगता येईना. कॉलेजात ह्याला एक शब्द शिकलो होतो, पण तो मराठीत कसा सांगायचा ते कळेना.

त्यांनीच सांगितलं. "कोरी वळ," ते म्हणाले. "द्राक्षाला नवं औषध मारत्यात ना, तवा वेलींची एक वळ तशीच ठेवत्यात. बिनऔषधाची. मंग कळतं, फरक औषधानं पडला का हवेनं." ते खाली बसले. "मी कोरी वळ व्हतो."

मामा मशीन बंद करून आमच्याकडे आला होता. त्याने काही थट्टा केली नाही.

"मंग मी गप का बसलो?" त्यांनी मला विचारलं. खरोखरच विचारलं, मी शिकलेली आहे तर मला माहीत असेल अशा भावनेने.

मी त्यांना दुसरं पान वाचून दाखवलं. तारखा नव्हत्या, दिवसांचे आकडे होते. एकेका ओळीचं मी मराठी करत गेले.

तिसरा दिवस. पत्नी आजारी असल्याचे सांगतो. रजा मागितली. दिली नाही.

पाचवा दिवस. पुन्हा रजा मागितली. अस्वस्थ. ध्वनिफीत दोनदा ऐकवली.

आठवा दिवस. तिसऱ्यांदा रजा मागितली, पत्नीसाठी. रडला. औषधाने चिंता नाहीशी होते, असे त्याला सांगण्यात आले.

अकरावा दिवस. रजा मागितली नाही. शांत.

सोळावा दिवस. पत्नी वारल्याचे विचारल्यावर सांगितले. शांत. कामावर हजर.

आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पेनाने, साधे सरबत असूनही परिणाम उत्तम.

ती शेवटची ओळ मी वाचली आणि वाचायला नको होती असं लगेच वाटलं. पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं.

"आठव्या दिवसाचं परत वाचा."

मी वाचलं.

"रडला म्हंजे मी?"

"हो."

"मी रडलो व्हतो?" ते मामाकडे वळले. "लिवलंय त्यात. मी रडलो व्हतो."

"हो बाबा," मामा म्हणाला.

समोरून एक वकील बाई फाईल डोक्यावर धरून उन्हातून गेली. मग ते हळू म्हणाले, "औषध नव्हतं. सायबानं सांगितलं, चिंता जाती. आन मी ऐकलं. नुसतं सांगितल्यावर ऐकलं."

मी म्हटलं, "तुम्ही तीनदा रजा मागितली, बाबा."

"चौथ्यांदा नाय मागितली."

मामा चुळबुळ करत होता. त्याचा स्वभाव असा की कुणी रडवेलं झालं की तो लगेच काहीतरी सोय करायला बघतो. तो म्हणाला, "हे बघा बाबा, मुलीला सगळं दाखवायची काय गरज आहे? झेरॉक्स काढताना त्या रकान्यावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवतो. खालच्या ओळीवर पण. कुणाला कळत नाही. रजा मागितली, रडला, एवढंच तिला दिसेल. औषध होतं म्हणून सांगा. इतकी वर्षं तेच तर सांगताय."

आमच्या धंद्यात ही पट्टी रोजची. कुणाच्या दाखल्यावरचा शेरा, कुणाच्या सातबाऱ्यावरचं नाव. मामाने कागदाची पट्टी फाडलीसुद्धा. माझ्या मनात आलं, ठेवावी. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा, ती ठेवावी असंच मला वाटत होतं.

त्यांनी मामाच्या हातातली पट्टी घेतली, तिची घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"सायबांनी झाकून ठिवलं तर तिची आन माझी ताटातूट झाली," ते म्हणाले. "आता मी झाकू? नाय. ताई, समदं मराठीत लिवा. सरबताचं बी लिवा. खालची वळ बी."

मी टाईप करायला बसले. टाईप करून झाल्यावर त्यांनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचला. मी वाट बघत होते, पण 'कृपया'बद्दल त्यांनी काही विचारलं नाही. पिशवीत बाकी जुने कागद होते, ते सगळे काढून त्यांनी आमच्याच रद्दीच्या खोक्यात टाकले. पिशवीत आता इंग्रजी दोन पानं आणि माझं मराठी एक पान, एवढंच राहिलं. दिंडोरीची गाडी पावणेचारला होती. "येतो, पोरी," ते म्हणाले. त्याआधी कधी त्यांनी मला पोरी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर ते आले नाहीत. पहिला महिना मला काही वाटलं नाही. दुसऱ्या महिन्यात मी गल्लीच्या तोंडाकडे बघायला लागले. मामा म्हणायचा, "मुलीने हाकलून दिलं असेल. सांगत होतो, पट्टी लावू." तो असं म्हणायचा आणि पाच मिनिटांनी स्वतःच बाहेर जाऊन सीबीएसच्या दिशेला बघून यायचा. फुलबाजारात मी एकदा चौकशी केली. त्यांच्या जागेवर दुसरी बाई बसली होती. तिला ठाऊक नव्हतं.

द्राक्षाचा हंगाम संपत आला तेव्हा एक बाई दुकानात आली. माझ्याच वयाची. पॅकिंग शेडमध्ये काम करणाऱ्या बायका बांधतात तसा डोक्याला रुमाल. तिच्या हातात ती प्लास्टिकची पिशवी होती. मी उभी राहिले.

"तुम्हीच का त्या टाईपवाल्या ताई?" ती म्हणाली. "बाबा गेले. दीड महिना झाला."

मी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली आणि तिने मला सगळं सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. बाबा आले तेव्हा तिने दार लावून घेतलं होतं. त्यांनी फटीतून कागद आत सरकवला आणि ते ओट्यावर बसून राहिले. तिने उभ्यानेच वाचला.

"सरबताचं वाचलं आन माझ्या अंगाची आग झाली. दार उघडून मी त्यांना म्हणलं, म्हंजे औषध नव्हतंच? सायब बोलला आन तुम्ही माझ्या आईला मरू दिलं? तर म्हणाले, व्हय. नुसतं व्हय. दुसरं काही बोलले नाय." तिने रुमालाने मान पुसली. "इतकी वर्षं औषध, औषध म्हणत व्हते. मला लय राग यायचा. त्या दिवशी बी तसं म्हणाले असते तर मी परत दार लावलं असतं. व्हय म्हणाले, मंग मला काही सुचेना. मी म्हणलं, आत या, ऊन लागतंय."

सात महिने ते तिच्याकडे राहिले. तिच्या मुलाला त्यांनी गुलाबाचे डोळे भरून कलम करायला शिकवलं. जास्त काही बोलायचे नाहीत. तिनेही आईचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

"मी तुमच्याकडं एका कामाला आलेय," ती म्हणाली आणि पिशवीतून इंग्रजी पान काढलं. घडीवर ते फाटत आलं होतं. "मराठी मला पाठ हाय. पण ते तुम्ही लिवलेलं. त्या दिवशी त्या सायबानं जे लिवलं, बाबा समोर बसलेले असताना, ते कसं हाय ते मला ऐकायचंय. आठव्या दिवसाचं. इंग्लिशमधलंच वाचा."

"तुम्हाला कळेल का?" मी विचारलं.

"नाय कळणार. वाचा."

माझा आवाज लहान आहे. मशीनचा आवाज चालू होता, मामाने तो बंद केला. मी ती ओळ वाचली. जेमतेम तीन वाक्यं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"परत."

मी परत वाचली, थोडी सावकाश.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचताना मध्येच तिने हात वर केला. मी थांबले. तिने डोळे उघडले आणि पानावर बोट ठेवलं, पण बोट भलत्याच ओळीवर होतं.

"'वाइफ' म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. "वाइफ म्हंजे माझी आईच ना?"

मी तिचं बोट उचलून बरोबर शब्दावर ठेवलं.

"हो," मी म्हटलं. "तुमची आईच."